दोघींचं घर: गिनी पिग यायच्या आधीच्या नोंदी

१२ जानेवारी, रविवार

सईला शब्द दिला आणि आज वहीचं पहिलं पान उघडलं. मैत्रिणीकडच्या गिनी पिगला ५ जानेवारीला चार पिल्लं झाली. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की त्यांतली मादी आपल्याकडे येऊ शकते, असं ती म्हणाली. म्हणजे १६ फेब्रुवारी. हातात पाच आठवडे आहेत. आधी घर, मग जीव, असं आम्ही ठरवलंय. घर पुरं झालं नाही तर तारीख पुढे ढकलू, पण अर्धवट पिंजऱ्यात कुणाला आणायचं नाही. सई जरा हिरमुसली, पण कबूल झाली.

नात्यातल्या एकांनी त्यांच्याकडचा जुना पिंजरा प्रेमानं आणून दिलाय. दिसायला छान, दोन मजली, मध्ये शिडी. टेप लावला तर २ फूट लांब, सव्वा फूट रुंद. म्हणजे अडीच चौरस फूट, आणि तळाला तारेची जाळी. एक असो वा दोन, गिनी पिगसाठी निदान साडेसात चौरस फूट जमीन लागते, दोन असतील तर साडेदहा उत्तम. वरचा मजला यात धरायचाच नाही. हा प्राणी उंदरासारखा चढत नाही, सशासारखा उंच उड्या मारत नाही. तो पळतो तो जमिनीवर, सरळ रेषेत, भिंतीच्या कडेकडेनं. त्याला उंचीचा उपयोग नाही, लांबी हवी. तारेची जाळी तर मुळीच नको. याच्या तळव्यांवर केस नसतात, तारेवर चालून तळवे सोलवटतात, त्यात जंतू शिरले की पाय सुजतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने हटत नाही.

हॉलच्या फरशीवर रंगीत टेप चिकटवून दोन्ही मापं आखली: एक पिंजऱ्याचं, एक साडेसात फुटांचं. सई मोठ्या चौकोनात मांडी घालून बसली आणि बराच वेळ लहान चौकोनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, त्यात पळणार कुठे ती?" पिंजरा आभार मानून परत करायचा आहे.

१३ जानेवारी

एक आणायची की दोन, यावर आज बोलणं झालं. सईच्या मनात एक होती. मीही आधी तसंच धरून चालले होते. पण वाचत गेले तसं मत बदललं. हे कळपात राहणारे प्राणी. एकमेकांच्या आवाजावर त्यांचा दिवस चालतो: कुणी खायला आलं, कुणाला भीती वाटली, कुणी निवांत आहे. माणूस शाळेत आणि कामावर जातो, त्या वेळात एकट्या जिवानं कुणाशी बोलायचं? स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कायदाच आहे की गिनी पिगसारखे सोबतीनं राहणारे प्राणी एकटे ठेवायचे नाहीत. ससा ही सोबत होऊ शकत नाही. त्याची लाथ जोरदार बसते, आणि सशाच्या अंगात काही त्रास न देणारे जंतू गिनी पिगला न्यूमोनिया करू शकतात.

म्हणून दोन बहिणी. नर आणि मादी नकोच, कारण मादी चौथ्या आठवड्यातही गाभण राहू शकते आणि नर तिसऱ्या आठवड्यापासून तयार असतो. मैत्रिणीला फोन करून पिल्लांतले नर तीन आठवडे होताच वेगळे कर, अशी आठवण केली. तिच्या लक्षात होतंच.

घराचं माप त्यामुळे साडेदहा फुटांकडे गेलं.

१६ जानेवारी

जागा ठरवायला तीन दिवस लागले, आणि ते सत्कारणी लागले असं मला वाटतं.

थर्मामीटर टेबलावर ठेवून बघितलं तर सगळ्या खोल्या सारख्याच. मग तो फरशीपासून दीड फुटावर ठेवायला लागले, कारण त्या दोघी तिथे राहणार. गॅलरीच्या दाराशी दुपारी ३ वाजता २९ अंश. आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात त्याच वेळी २४. गिनी पिगला साधारण १८ ते २४ अंश सोसवतं. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गारही करता येत नाही. २७-२८च्या पुढे हवा कोंदट असली तर उष्माघात होऊन काही तासांत जीव जातो. गॅलरी बाद झाली.

स्वयंपाकघरही बाद, मिक्सरचा आवाज आणि फोडणीचा धूर. यांचे कान फार तिखट असतात. टीव्हीशेजारची जागाही त्याच कारणानं गेली. मी पोटावर झोपून, गाल फरशीला टेकवून पाहिलं तेव्हा कळलं की मुख्य दाराखालच्या फटीतून गार झुळूक थेट त्या कोपऱ्यात येते. उभं राहून हे कधीच कळलं नसतं. दाराखाली रबरी पट्टी बसवली.

शेवटी हॉलचा आतला कोपरा पक्का केला. दोन बाजूंना भिंत असली की सगळीकडून उघडं वाटत नाही, आणि घरातली माणसं मात्र दिसत राहतात. शिकार होणारा हा प्राणी आहे. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. म्हणून पिंजरा जमिनीवर न ठेवता जुन्या लांब टेबलाचे पाय कापून ते दीड फुटावर आणलं. सई गुडघ्यांवर बसली की तिचे डोळे बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येतील. भिंत आणि टेबल यांच्यात हाताची वीतभर जागा सोडली. ओल धरू नये आणि झाडू फिरावा.

१९ जानेवारी, रविवार

बांधकामाचा दिवस. १४ इंची तारेच्या जाळीचे चौकोन, प्लॅस्टिकचे जोड, केबल टाय आणि एक मोठी सनपॅक शीट. जाहिरातीच्या फलकांना वापरतात तीच, आतून पोकळ रेघांची. जाळीची चौकट २ चौकोन रुंद, ४ चौकोन लांब. आत बसणारा तळाचा ट्रे २७ बाय ५५ इंच. म्हणजे १० चौरस फुटांच्या थोडं वर.

ट्रेला चारही बाजूंनी ६ इंची भिंत हवी, म्हणून शीट कापायची ३९ बाय ६७ इंच. घडीच्या रेषेवर कटर अर्धाच चालवायचा: वरचा पापुद्रा कापायचा, खालचा राखायचा, आणि कापलेल्या बाजूच्या उलट घडी घालायची. कोपऱ्यात ६ इंचांची एकेक चीर देऊन कान दुमडायचे आणि बाहेरून टेप लावायचा. आत टेप नको, ती कुरतडतील.

पहिल्याच घडीला माझा हात जड पडला आणि कटर आरपार गेला. भिंत हातात आली. नवी शीट आणायची गरज पडली नाही. राहिलेल्या तुकड्याची पट्टी कापून बाहेरून दुहेरी लावली आणि शिवण पक्की केली. त्या जागी ओल झिरपते का ते बघायला ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून अर्धा तास ठेवलं. खाली ठेवलेला कागद कोरडा राहिला. पुढच्या तीन घड्यांना मी पट्टी धरली आणि सईनं मोजत मोजत दर हाताला "पुरे" म्हटलं. तिचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला निघाला.

संध्याकाळी दुसरी गोष्ट ध्यानात आली. जाळीचं भोक मोजलं, ४ सेंटीमीटर. मोठ्या गिनी पिगला हे चालतं. सहा आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं मात्र त्यातून जाऊ शकतं, आणि डोकं अडकलं की ते घाबरून मागे ओढतं. तळाला ६ इंची भिंत आहे खरी, पण घरट्याच्या छपरावर चढलं की तोंड जाळीपाशी येणार. म्हणून दर्शनी बाजूला आणि आखूड बाजूला जाळीवर दुसरी जाळी अर्ध्या भोकानं सरकवून बांधली. आता माझी दोन बोटं जेमतेम जातात. केबल टायची टोकं बाहेर वळवून नेलकटरनं सपाट कापली आणि प्रत्येक टोकावर बोट फिरवून पाहिलं. एक टोचलं, ते पुन्हा कापलं.

वर झाकण हवंच. शेजारचं मांजर कधीकधी खिडकीतून येतं. आठ चौकोनांचं झाकण, दोन भागांत, मागे टायच्या बिजागऱ्या.

२५ जानेवारी

अंथरुणाचा प्रश्न. लाकडाचा भुसा सर्रास वापरतात, पण देवदार आणि पाइन या सुवासिक लाकडांमधली तेलं श्वासाला आणि यकृताला त्रास देतात. तो वास आपल्याला आवडतो, नाक त्यालाच चिकटवून राहणाऱ्या त्या छोट्या जिवाला नाही. कागदी अंथरूण चांगलं, पण सतत आणावं लागणार. आम्ही फ्लीसचं, म्हणजे मऊ पांघरुणांना वापरतात तसलं कृत्रिम धाग्याचं कापड घ्यायचं ठरवलं: वर फ्लीस, खाली शोषणारा थर. मूत्र फ्लीसमधून खाली उतरतं आणि पायाखालचा पृष्ठभाग कोरडा राहतो.

निदान असं वाचलं होतं. आज नव्या फ्लीसवर चमच्यानं पाणी टाकलं. थेंब मोत्यासारखा गोल होऊन वरच बसला. कापड तिरकं केलं तर घरंगळत कडेला गेला, आत एक कणही नाही. नव्या कापडावर कारखान्यातला लेप असतो, तो निघेपर्यंत कापड पाणी आत घेतच नाही. दोन वेळा गरम पाण्यात धुतलं: थेंब थोडा पसरला, पण उतरला नाही. चार वेळा धुतल्यावर टाकला तेव्हा थेंब आधी चपटा झाला, मग कडेनं गडद होत गेला आणि चार-पाच सेकंदांत खालच्या टॉवेलवर त्याचा डाग उमटला. वर बोट फिरवलं, जवळजवळ कोरडं. सई आणि मी हे सात-आठ वेळा करून पाहिलं, कापडाच्या चारही टोकांना.

यात एक गोष्ट सांभाळायची: धुताना कापड मऊ करणारं द्रावण घालायचं नाही, त्याचा थर बसून पुन्हा तेच होतं.

खालच्या थराला जुने टॉवेल दुहेरी. आईंनी (माझ्या सासूबाईंनी) ते मशीनवर शिवले. मी धावदोरा घालायला बसले होते, तर त्यांनी हातातून काढून घेतलं. "सैल टाका नको गं, नखं अडकतील," म्हणाल्या. बरोबर आहे. सुटलेल्या दोऱ्यात बोट गुरफटलं तर रक्तपुरवठा थांबून बोटच जातं. कडा दुमडून बारीक दुहेरी शिलाई केली. तीन संच तयार: एक पिंजऱ्यात, एक धुण्यात, एक फडताळात.

२९ जानेवारी

पाण्याची बाटली. निपलच्या टोकाला पोलादी छर्रा असतो, जिभेनं ढकलला की पाणी येतं. वजनानुसार दर किलोला दिवसाकाठी साधारण १०० मिली पाणी लागतं. गवत जास्त आणि भाजी कमी असेल तर याहूनही अधिक.

दोन बाटल्या आणल्या, दोन्ही रात्रभर जाळीला लावून खाली वर्तमानपत्र ठेवलं. सकाळी एकीखाली थाळीएवढा ओला डाग. छर्रा बाहेर काढून पाहिला तर बसण्याच्या कडेला प्लॅस्टिकचा केसाएवढा कोंब राहिलेला. तो टोकदार सुरीनं काढला, छर्रा पुन्हा बसवला. दुसऱ्या रात्री तीन थेंब. बाटली उलटी करताना हवा आत राहते ती निघेपर्यंत थोडं गळतंच, तेवढं चालेल. दुसरी बाटली पहिल्यापासून नीट होती.

सोबत एक जड चिनी मातीचा वाडगा. वाडग्यातून पाणी पिणं त्यांना सोपं जातं, पण त्यात गवत आणि लेंड्या पडतात. म्हणून दोन्ही ठेवणार. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकायचे नाहीत: उजेडानं ते काही तासांत निकामी होतं आणि चव बदलली की पाणी पिणंच कमी होतं.

२ फेब्रुवारी

गवत आलं आणि परत गेलं.

या प्राण्याच्या खाण्यात पाचात चार हिस्से वाळलेलं गवत लागतं. त्याचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात, दाढासुद्धा. गवताच्या काड्या बाजूला घासत चावल्या तरच ते झिजतात. विकतच्या खाद्याच्या गोळ्या चावून झिजत नाहीत, त्या दोन चाव्यांत चुरा होतात. दाढा वाढल्या की जिभेवरून कमान करतात आणि जनावर भुकेलं असूनही घास गिळू शकत नाही. आतड्यांनाही तंतू सतत लागतात. पोट थांबलं तर बारा तासांत ते आजारी दिसायला लागतं.

पहिलं पोतं उघडलं तेव्हा वर हिरवट काड्या होत्या, पण मधून मूठ उपसली तर राखाडी धूर उडाला आणि नाकात तळघराचा वास बसला. बुरशी. विकणाऱ्यानं आधी वाद घातला, मग पैसे परत केले. मी असं गवत झटकून वापरायचा विचारही मनात आणला नाही.

दुसरं पोतं टिमोथी नावाच्या गवताचं. काडी वाकवली की लवते आणि मग मोडते, वास सुकलेल्या कुरणाचा, खाली धूळ जेमतेम. कापडी पिशवीत, हवा खेळेल असं, जमिनीपासून उंच ठेवलं. प्लॅस्टिकमध्ये बंद केलं तर पुन्हा बुरशी धरेल.

लसूणघासाची लहान पिशवीही आणली. त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, वाढत्या पिल्लांना उपयोगी. मोठ्या झाल्यावर तेच कॅल्शियम मूत्राशयात खडा करतं, म्हणून सहा महिन्यांनंतर बंद.

गवताची परडी टांगायचा विचार होता. ती विकत मिळते तशी, वरून उघडी आणि गोल तारांची, पिल्लू आत शिरून अडकतं. त्याऐवजी राहिलेल्या सनपॅकचं उघडं खोकं केलं, एका टोकाला, फ्लीसच्या जागी कागदी अंथरूण घातलेल्या भागात. हे खाता खाताच लेंड्या टाकतात. तिथेच खायला दिलं तर रोजची झाडलोट बहुतेक एका कोपऱ्यात होईल.

५ फेब्रुवारी

क जीवनसत्त्वाबद्दल सईच्या वर्गातल्या मुलांना सांगावं असं काही सापडलं. बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरात बनवतात. माणूस आणि गिनी पिग बनवू शकत नाहीत. दोघांच्याही शरीरात त्यासाठी लागणारं एक विकर चालत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिक या दोघांनी गिनी पिगना नुसतं धान्य घातलं तेव्हा त्यांना खलाशांसारखा स्कर्व्ही झाला, आणि अन्नातल्या कमतरतेनं हा रोग होतो हे दाखवायला तोच पुरावा ठरला. त्या मुक्या जिवांच्या दुखण्यातून आपल्याला कळलेलं आहे, तर निदान आपल्या घरातल्या दोघींच्या वाटीत रोज ताजी भाजी पडलीच पाहिजे.

दर किलो वजनाला रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला ८०च्या आसपास असतं, लालमध्ये त्याहून जास्त. म्हणजे एका जीवाला रोज एक जाडसर फोड पुरते. सोबत कोथिंबीर, लेट्यूसची गडद पानं. पालक क्वचित, त्यातल्या ऑक्झॅलेट या खडे करणाऱ्या क्षारामुळे. कोबी थोडाच, पोट फुगतं आणि यांना ढेकर देता येत नाही, उलटीही होत नाही. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, अ‍ॅव्होकॅडो अजिबात नाही. हे फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलं, कारण घरात येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी भरवायला जाणार.

गोळीखाद्याच्या पिशवीवरची बनवल्याची तारीख बघूनच घेतली. त्यातलं क जीवनसत्त्व तीन महिन्यांत बरंच उतरतं. मोठी पिशवी स्वस्त पडते, पण शेवटी नुसता चारा उरतो.

आज दोन ट्रेमध्ये गहू पेरले. येतील तेव्हा कोवळे कोंब तयार हवेत.

८ फेब्रुवारी

डॉक्टर. पहिल्या दवाखान्यात सरळ सांगितलं की आम्ही कुत्री-मांजरं बघतो. प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल राग नाही. दुसरीकडच्या डॉक्टरबाईंना मी एकच प्रश्न विचारायचं ठरवून गेले होते: जंतुसंसर्ग झाला तर कोणतं औषध द्याल? त्यांनी मी नाव काढायच्या आधीच सांगितलं की पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे द्यायची नाहीत, अमॉक्सिसिलिनसुद्धा नाही. ती आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि मागे उरलेले विषारी जंतू माजून जनावर दगावतं. मी निश्चिंत झाले. घरातल्या औषधांच्या डब्यावरही तसं लिहून ठेवलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते वहीत मोठ्या अक्षरात: "खाणं थांबलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका." गिनी पिग आजार लपवतो. कळपात दुबळा दिसणारा आधी पकडला जातो, ती सवय घरात आल्यानं जात नाही. म्हणून दर आठवड्याला वजन. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा या कामासाठी वेगळा काढला, त्यावर बसेल असं प्लॅस्टिकचं टोपलं घेतलं. वजन घटू लागलं की डोळ्यांना काही दिसायच्या आधी काटा सांगतो.

नखं कापायचं लहान नेलकटर, सुईशिवायची सिरिंज, ने-आण करायला वरून उघडणारा कडक प्लॅस्टिकचा डबा. हे सगळं एका खोक्यात.

९ फेब्रुवारी, रविवार

सईचा दिवस. घरटी तिनं केली. बुटांचे दोन खोके, एक लाकडी, एक फ्लीसचा बोगदा. दोन जीव म्हणजे निदान तीन लपायच्या जागा, आणि प्रत्येकीला दोन दारं. एकच दार असलं की जी धीट ती दारात बसते आणि दुसरी आत कोंडली जाते. सईनं पहिल्या खोक्याला एकच दार कापलं होतं. तिला सांगितल्यावर तिनं खोका उचलून आतून डोकावलं आणि स्वतःच दुसऱ्या बाजूला दार आखलं. खोक्यांवरचे चिकटपट्टीचे तुकडे आणि पिना काढून टाकल्या.

कुणीतरी फिरतं चाक आणून द्यायचं म्हणत होतं. नको म्हटलं. हॅमस्टरची पाठ वाकते, गिनी पिगची वाकत नाही. चाकात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूत त्यांच्या मणक्याला इजा होते.

१२ फेब्रुवारी

पिल्लांना भेटून आलो. गिनी पिगची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडलेली, दातांसकट असतात; पहिल्या दिवसापासून गवत चघळू लागतात. साधारण दोन महिने आईच्या पोटात असतात त्याचा हा फायदा. दोन बहिणी ठरल्या: एक तपकिरी-पांढरी, एक सगळी काळी, कपाळावर भोवरा. डॉक्टरबाईंकडे नेऊन दोघी माद्याच आहेत याची खात्री करून घेतली. या वयात चूक सहज होते. मादीची खूण वाय अक्षरासारखी दिसते, नराच्या खुणेवर हलकं दाबलं तर लिंग बाहेर येतं. तपकिरी २९० ग्रॅम, काळी २६५.

मैत्रिणीकडून त्यांच्या सवयीच्या गोळ्यांची पिशवी घेतली. नवं खाद्य आठवडाभरात थोडं थोडं मिसळायचं, एकदम बदललं तर पोट बिघडतं. त्यांच्या जुन्या अंथरुणाची एक मूठही आणली. नव्या जागेत एक कोपरा तरी ओळखीच्या वासाचा असावा.

काळीच्या पुढच्या पंजाला चार बोटं, मागच्याला तीन. सईनं चारही पायांची मोजून खात्री केली, आणि ती मोजत असताना काळी हलली नाही.

१५ फेब्रुवारी

रंगीत तालीम. सगळं जागेवर लावलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दोन चुका सापडल्या. गळती थोडी का होईना होणारी बाटली बोगद्याच्या बरोबर वर होती. ती कागदी अंथरुणाच्या बाजूला हलवली. आणि विजेची एक वायर जाळीच्या मागून हाताच्या अंतरावर जात होती. ती भिंतीवर उंच पट्टीत बसवली. गव्हाचे कोंब बोटभर वर आलेत.

सईशी शेवटचं बोलणं: पहिले तीन दिवस हात घालायचा नाही. जवळ बसायचं, वाचायचं, हळू बोलायचं, भाजी दारापाशी ठेवायची. उचलायचं ते दोन्ही हातांनी, एक छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि जमिनीवर बसूनच. उभ्यानं हातातून सुटली तर हाड मोडतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

डब्यात गवत, एक काकडीची फोड, वरून सुती कापड. वाटेत आवाज नाही, फक्त डब्याच्या एका कोपऱ्यात दोन्ही एकमेकींना चिकटून.

डबा पिंजऱ्यात आडवा ठेवला, दार उघडलं आणि आम्ही मागे सरकलो. वीस मिनिटं काही नाही. मग तपकिरी बाहेर आली, पोट जमिनीला लावून, नाक सतत हलतंय. फ्लीसवर दोन पावलं टाकून थांबली. तिच्या मागे काळी, जणू दोरीनं बांधलेली. दोघी कडेनं सरळ सईच्या दोन दारांच्या खोक्यात शिरल्या आणि दिवसभर दिसल्या नाहीत. सई समोर पुस्तक घेऊन बसली होती, एकदाही खोका उचलला नाही.

रात्री ११:४० ला दिवे मालवून झोपायला निघाले तेव्हा अंधारात गवताची करकर ऐकू आली. थोड्या वेळानं टिक, टिक, टिक. छर्रा.

१७ फेब्रुवारी, सकाळ

लेंड्या भरपूर, आकार सारखा, घट्ट. भाजी संपली, गोळ्या अर्ध्या राहिल्या. ट्रेखालचा कागद कोरडा, दुरुस्त केलेल्या शिवणीपाशीही. वजन आज नाही करायचं, त्यांना स्थिरावू दे, रविवारी करू.

२३ फेब्रुवारी, रविवार

तपकिरी ३२४ ग्रॅम, काळी २९८. दोघींनी मिळून फ्लीसची एक कड ट्रेच्या बाहेर ओढून काढली आणि खाली जाऊन झोपल्या, म्हणून चारही कडांना मोठ्या क्लिपा लावल्या. गवताच्या खोक्याला समोर दीड इंच कमी करायला हवं, काळीला आत उडी मारावी लागते. आईंनी फ्रिज उघडल्याचा आवाज आता त्यांना कळतो; आज सकाळी पहिल्यांदा दोघींनी एकदम शिट्टी घातली. आई कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं सई, या मला बोलावतायत."

दुपारी काळी पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली, मधेच चारही पाय उचलून जागेवर उडाली, वळली, पुन्हा धावली. सई टेप घेऊन आली आणि ती धावली तेवढं अंतर मोजलं: ५२ इंच.